नेट लावायला नेट लागतं

"दादा, नेट चालू करायला आधी नेट का लागतं?"

हा प्रश्न माझ्या चुलत बहिणीचा. स्थळ सोनारी, तालुका परंडा, जिल्हा धाराशिव. तिच्यासाठी एक जुना लॅपटॉप आणला होता, पुण्यातल्या कुठल्यातरी ऑफिसने निकालात काढलेला. विंडोज ११ त्यावर चढत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून लिनक्स टाकलं. सगळं चाललं. आवाज, पडदा, कीबोर्ड, अगदी मराठी टायपिंगसुद्धा. फक्त वायफाय नाही. कर्नलचे मेसेज बघितले तर तिथे स्पष्ट लिहिलेलं, की कार्ड सापडलंय, पण त्याची फर्मवेअरची फाइल सापडत नाही, ती इंटरनेटवरून आणा.

मग मोबाइल यूएसबी वायरने जोडला, मोबाइलचं नेट लॅपटॉपला दिलं, फाइल उतरवली, लॅपटॉप रीस्टार्ट केला. दहा मिनिटांचं काम. ती खूश, मी खूश. पण तिच्या प्रश्नाला मी "अगं, ते तसंच असतं" असं उत्तर दिलं आणि ते काही उत्तर नव्हे. ते तसंच का असतं याला चांगला वीस-पंचवीस वर्षांचा इतिहास आहे. आणि तो फक्त कॉम्प्युटरचा इतिहास नाही, हवेवर हक्क कुणाचा याचाही आहे. (ज्या काळाबद्दल लिहितोय त्यातला बराचसा काळ मी शाळेत होतो, त्यामुळे आठवणी नाहीत. वाचलेलं, आणि ऑफिसातल्या सीनियर मंडळींकडून ऐकलेलं.)

तर मंडळी, सुरुवातीला गंमत अशी की अगदी पहिल्या काळात लिनक्सवर वायफाय बऱ्यापैकी चालायचं! ८०२.११ हे स्टँडर्ड १९९७ चं. १९९९ मध्ये ८०२.११बी आलं, त्याच वर्षी 'वायफाय' हे नाव आलं, आणि त्याच वर्षी अॅपलने आयबुकसोबत एअरपोर्ट विकायला काढलं. त्या काळात वायरलेस कार्ड म्हणजे लॅपटॉपच्या बाजूच्या खाचेत खुपसायची एक जाडसर पट्टी. ल्युसेंटची ओरिनोको किंवा इंटरसिलच्या प्रिझम चिपवाली. एचपीमध्ये काम करणाऱ्या ज्याँ तुरील्ह यांनी नव्वदच्या दशकातच लिनक्ससाठी वायरलेस एक्स्टेन्शन्स आणि आय-डब्ल्यू-कॉन्फिग वगैरे टूल्स लिहून ठेवली होती. फिनलंडच्या यूनी मालिनेन यांनी प्रिझमसाठी होस्ट-एपी नावाचा ड्रायव्हर लिहिला, ज्याने साधं कार्डच अॅक्सेस पॉइंट बनायचं. याच माणसाने पुढे डब्ल्यूपीए-सप्लिकंट लिहिलं. आज तुमच्या अँड्रॉइड फोनने वायफायचा पासवर्ड स्वीकारला की त्यामागे बहुधा त्याच प्रोग्रॅमचा वंश असतो.

मग बिघडलं कुठे?

बिघडलं स्वस्ताईत. जुन्या कार्डांमध्ये बरंचसं डोकं कार्डातच असायचं. पॅकेट कधी पाठवायचं, कुणी मध्येच बोललं तर किती थांबायचं, पोच आली नाही तर पुन्हा कधी पाठवायचं, हे सगळं कार्डाचं कार्ड बघून घ्यायचं. ड्रायव्हरचं काम पोस्टमनसारखं, पत्र नेऊन द्यायचं. २००२-०३ नंतर चिप स्वस्त करायची म्हणून यातलं बरंचसं डोकं बाहेर काढून लॅपटॉपच्या मुख्य प्रोसेसरवर, म्हणजे ड्रायव्हरमध्ये हलवलं गेलं. यालाच सॉफ्टमॅक म्हणतात. याआधी मोडेमचंही असंच झालं होतं, 'विनमोडेम' म्हणून. कार्डात फक्त रेडिओ उरला आणि बुद्धी सॉफ्टवेअरमध्ये आली. आता फ्रीक्वेन्सी कुठली, ताकद किती, हे ठरवणारा कोडच ड्रायव्हर झाला!

इथे कंपन्यांना एक कारण मिळालं (काही जण म्हणतील निमित्त मिळालं). अमेरिकेत रेडिओचे नियम एफसीसी ठरवते. कंपन्या म्हणू लागल्या, की ड्रायव्हरचा सोर्स कोड उघडा केला तर कुणीही उठून त्याची ताकद वाढवेल, नाहीतर पोलिसांच्या किंवा विमानांच्या फ्रीक्वेन्सीवर जाईल, आणि मग आम्हाला एफसीसी धरेल. म्हणून कोड बंद. अॅथेरॉस कंपनीच्या चिपसाठी मॅडवायफाय नावाचा ड्रायव्हर होता, त्यात हे अगदी उघड दिसायचं. बाहेरचा सगळा कोड उघडा आणि आत मधोमध 'हाल' नावाचा एक बंद गोळा. त्या गोळ्यात काय चाललंय हे विचारायचं नाही.

माझं मत विचाराल तर कारण पूर्ण खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं. कारण याच चिप्सचे विंडोज ड्रायव्हर इकडून तिकडून बदलणारे लोक तेव्हाही होतेच. कुलूप चोराला अडवत नाही, घरच्याच माणसाला अडवतं.

आणि हवेवर कुलूप ही गोष्ट आपल्याकडे तर जुनीच. १९३३ च्या इंडियन वायरलेस टेलिग्राफी अॅक्टने परवान्याशिवाय वायरलेस यंत्र नुसतं जवळ बाळगणं हाच गुन्हा ठरवला होता. वापरणं सोडा, बाळगणं! एके काळी घरातल्या रेडिओचं लायसन पोस्टात जाऊन काढावं लागायचं हे आजोबांच्या पिढीला विचारा. वायफाय ज्या पट्ट्यात चालतं तो २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात कमी ताकदीच्या उपकरणांसाठी बिनापरवाना मोकळा झाला तो २८ जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने. ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग तर थेट ऑक्टोबर २०१८ मध्ये. म्हणजे ज्या वर्षी सरकारने हवा मोकळी केली, त्या २००५ साली लिनक्सवाल्यांच्या लॅपटॉपमधलं कार्ड अजून बंदच होतं. एक कुलूप सरकारचं, दुसरं कंपनीचं.

मार्च २००३ मध्ये इंटेलने सेंट्रिनो आणलं. जाहिरातींचा पाऊस. वायफाय लॅपटॉपच्या पोटात गेलं, आणि आता कार्ड बदलून दुसरं चांगलं कार्ड लावतो म्हणायची सोय राहिली नाही. लिनक्ससाठी ड्रायव्हर? नाही. इंटेलने स्वतःचा आयपीडब्ल्यू२१०० ड्रायव्हर उघडपणे करायला घेतला तो २००४ मध्ये. त्यातही फर्मवेअर बंद आणि वेगळं उतरवायचं. पुढच्या ३९४५ कार्डाच्या वेळी, २००६ मध्ये, तर त्यांनी कहर केला. ड्रायव्हर उघडा, पण त्याच्यासोबत एक बंद प्रोग्रॅम कायम मागे चालू ठेवायचा. काम काय, तर रेडिओचे नियम पाळले जातायत ना हे बघणं. घरात चोवीस तास बसलेला रखवालदार, पगार तुमच्या बॅटरीतून. लोकांनी इतकी बोंब मारली की वर्षभरात इंटेलने तो काढून टाकला.

या मधल्या दुष्काळात जे आलं ते मात्र इंजिनियर माणसाला मनापासून आवडेल असं आहे. एनडीआयएसरॅपर. २००३ मध्ये पाँटस फुक्स याने सुरू केलेलं आणि पुढे बरीच वर्षं गिरिधर पेम्मसानी यांनी सांभाळलेलं. कल्पना अशी, की कंपनी लिनक्सचा ड्रायव्हर देत नाही ना? नको देऊ दे. विंडोजचा ड्रायव्हर तर सीडीवर आहेच. तोच लिनक्समध्ये चालवू!

कसा? विंडोजमध्ये नेटवर्क कार्डाचे ड्रायव्हर एनडीआयएस नावाच्या ठरलेल्या दारातून सिस्टिमशी बोलतात. मला एवढी मेमरी दे, माझा टायमर लाव, पॅकेट आलंय घेऊन जा, असे ठरीव निरोप. एनडीआयएसरॅपरने लिनक्सच्या कर्नलमध्ये हुबेहूब तेच दार उभं केलं. विंडोजचा ड्रायव्हर त्या दारात येतो, मेमरी मागतो, पलीकडून लिनक्स ती देतं, आणि ड्रायव्हरला शेवटपर्यंत वाटत राहतं की आपण विंडोजमध्येच आहोत. नाटकातला सेट! सीडीवरची आयएनएफ फाइल आणि एसवायएस फाइल घ्यायची, दोन कमांड मारायच्या, मोडप्रोब करायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. लिनक्सअंट नावाच्या कंपनीने तर हीच कल्पना ड्रायव्हरलोडर म्हणून पैसे घेऊन विकली.

आमच्या ऑफिसातले एक सीनियर सांगतात, की त्या काळात ३२ बिट की ६४ बिट यावर लोकांच्या रात्री जायच्या. ६४ बिट लिनक्स असेल तर विंडोजचा ड्रायव्हरही ६४ बिटच लागायचा, आणि तो बहुतेक कंपन्यांनी केलेलाच नसायचा. ड्रायव्हर गडबडला तर अख्खं कर्नल आडवं. आणि एनडीआयएसरॅपर लावलं की कर्नल स्वतःला 'टेंटेड' म्हणवून घ्यायचं, म्हणजे विटाळलेलं. मग कर्नलवाले तुमची तक्रार ऐकायलाच तयार नाहीत. या प्रकाराने कंपन्यांना सूट मिळते, ते लिनक्सचा ड्रायव्हर कधीच लिहिणार नाहीत, असा त्यांचा मुद्दा. तत्त्वतः बरोबर. पण ज्याच्याकडे एकच लॅपटॉप आहे त्याला आज नेट हवं असतं, पाच वर्षांनी नव्हे. मी एनडीआयएसरॅपरच्या बाजूने.

आता यातला सगळ्यात सुरस भाग. ब्रॉडकॉम.

लिनक्सवाल्यांच्या जगात हे नाव घेतलं की २००५ च्या सुमाराला लोक कानाला हात लावायचे. कितीतरी लॅपटॉपमध्ये यांचीच चिप आणि लिनक्सचं नाव काढायचं नाही. म्हणजे तसं सांगायचे. त्याच वेळी लिंकसिसचा डब्ल्यूआरटी५४जी नावाचा निळा-काळा राउटर जगभर धडाधड विकला जात होता. २००२ च्या शेवटी आलेला. सिस्कोने २००३ मध्ये अख्खी लिंकसिस विकत घेतली. जून २००३ मध्ये अँड्र्यू मिक्लास नावाच्या माणसाने कर्नलच्या मंडळींना कळवलं, की या राउटरच्या आत चक्क लिनक्स आहे, पण जीपीएलप्रमाणे द्यायला हवा तो सोर्स कोड कंपनी देत नाहीये. दबाव वाढला, आणि लिंकसिसने कोड खुला केला. त्यातूनच २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी जन्माला आलं.

त्या राउटरमध्ये वायरलेस चिप कुणाची? ब्रॉडकॉमची! आणि आत लिनक्स. म्हणजे ब्रॉडकॉमकडे लिनक्सचा ड्रायव्हर होताच की! फक्त तो राउटरच्या मिप्स प्रोसेसरसाठी होता, लॅपटॉपसाठी नव्हता, आणि खुल्या केलेल्या कोडमध्ये तेवढा एक तुकडा बंदच ठेवलेला होता.

तर काही लोकांनी तो बंद तुकडाच उघडायचं ठरवलं. यात अॅपलच्या पॉवरबुकवर लिनक्स चालवणारे लोक होते, हे महत्त्वाचं. कारण पॉवरबुकमध्ये पॉवरपीसी प्रोसेसर, आणि विंडोजचा ड्रायव्हर इंटेलच्या भाषेतला. म्हणजे एनडीआयएसरॅपरचं नाटक तिथे होऊच शकत नव्हतं. गरज होती, पळवाट नव्हती.

त्यांनी केलं ते असं. दोन गट पाडले. पहिल्या गटाने राउटरमधला बंद ड्रायव्हर उलगडून वाचायचा, मशीनची एकेक सूचना. आणि समजलं ते साध्या इंग्रजीत लिहून ठेवायचं. अमुक रजिस्टरमध्ये तमुक आकडा टाका, मग इतका वेळ थांबा, मग तिथला आकडा वाचा. कोड लिहायचा नाही. दुसऱ्या गटाने मूळ ड्रायव्हरकडे ढुंकूनही बघायचं नाही. फक्त ते वर्णन वाचायचं आणि स्वतःच्या डोक्याने नवा ड्रायव्हर लिहायचा. म्हणजे उद्या कोर्टात कुणी म्हणालं की आमचा कोड चोरला, तर लिहिणाऱ्याने तो कधी पाहिलेलाच नाही. याला क्लीन रूम म्हणतात. मला हे स्वयंपाकासारखं वाटतं. एकाने हॉटेलची भाजी चाखून काय काय घातलंय ते कागदावर लिहायचं, आणि दुसऱ्याने ती भाजी न चाखता नुसत्या कागदावरून रांधायची. आणि ती जमली पाहिजे!

जमली. मिखाएल ब्युश आणि त्याच्या सोबत्यांनी डिसेंबर २००५ मध्ये बीसीएम४३एक्सएक्स ड्रायव्हर जाहीर केला, आणि जून २००६ मध्ये तो कर्नल २.६.१७ मध्ये गेला. कंपनीने एक पानभर माहिती दिली नसताना. पुढे त्याचीच सुधारलेली आवृत्ती बी४३ नावाने जानेवारी २००८ च्या कर्नलमध्ये आली.

पण एक गोष्ट त्यांनाही जमली नाही, आणि बहिणीच्या प्रश्नाचं उत्तर नेमकं तिथे आहे. ड्रायव्हर लॅपटॉपच्या प्रोसेसरवर चालतो. पण चिपच्या आतही एक छोटा प्रोसेसर असतो. मायक्रोसेकंदांचे हिशोब त्याला करायचे असतात, ते लॅपटॉपवर सोडता येत नाहीत. त्याचा प्रोग्रॅम म्हणजे फर्मवेअर. पूर्वी फर्मवेअर कार्डावरच्या कायमच्या मेमरीत असायचं. ती मेमरी वाचवायची म्हणून कंपन्यांनी ठरवलं की प्रत्येक वेळी लॅपटॉप चालू झाला की ड्रायव्हरनेच फर्मवेअर चिपमध्ये ओतावं. (पुन्हा स्वस्ताई!) आता फर्मवेअर कंपनीच्या मालकीचं. ते फुकट वाटायचा हक्क लिनक्सवाल्यांना नाही. त्यामुळे ड्रायव्हर लिनक्ससोबत येतो, फर्मवेअर येत नाही. बी४३ वाल्यांनी फर्मवेअर-कटर नावाचं हत्यार बनवलं, जे कंपनीच्या ड्रायव्हरमधून फर्मवेअरचा भाग कापून काढायचं. पण तो कंपनीचा ड्रायव्हर आधी नेटवरून उतरवायला हवा. नेटसाठी वायफाय हवं. वायफायसाठी फर्मवेअर हवं. फर्मवेअरसाठी नेट.

अमेरिकेत किंवा जर्मनीत याचं एवढं काही वाटत नसणार. तिथे भिंतीत लॅनची तार होती. आपल्याकडे? २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात ब्रॉडबँडची व्याख्याच २५६ केबीपीएस अशी होती. लिनक्स आपल्याकडे नेटवरून कमी आणि सीडीवरून जास्त आलं. पीसीक्वेस्ट मासिकाने १९९६ मध्ये लिनक्सची सीडी वाटायला सुरुवात केली. उबुंटूवाले जगभर फुकट सीडी पोस्टाने पाठवायचे, ते २०११ पर्यंत. पुण्यात प्लग म्हणजे पुणे ग्नू-लिनक्स युजर्स ग्रुप होता, सिम्बायोसिसमध्ये दरवर्षी ग्नूनिफाय भरायचं. आमचे तेच सीनियर सांगतात, की मीटिंगला जाताना लोक रिकाम्या सीडी आणि पुढे पेनड्राइव्ह घेऊन जायचे, आणि कुणाकडे तरी हमखास फर्मवेअरच्या फाइलींचा एक फोल्डर असायचाच. लग्नातल्या आहेरासारखा तो फोल्डर या हातातून त्या हातात फिरायचा. कायद्याने त्याचं वाटप करता येतं का हे विचारायच्या भानगडीत कुणी पडत नसे. पुण्यात ग्रुप होता, तालुक्याच्या गावी सायबर कॅफे होता, आणि त्या कॅफेत कुठली फाइल शोधायची हे सांगणारं कुणी नव्हतं.

आता थोडं रायगडात जाऊ. कारण महाराष्ट्राच्या एका वाडीवर लिनक्स आणि वायरलेस लॅपटॉप मुलांच्या हातात थेट पडले होते, आणि तेही २००७ मध्ये.

निकोलस निग्रोपॉन्टे यांचा 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' प्रकल्प २००५ मध्ये जाहीर झाला. शंभर डॉलरचा लॅपटॉप म्हणून गाजलेला. (शंभर डॉलरमध्ये तो कधीच बसला नाही, असो.) भारताच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्येच नकार दिला. तरी भारतातला त्याचा पहिला प्रयोग २००७ च्या उत्तरार्धात झाला, तो रायगड जिल्ह्यातल्या खैरात-धनगरवाडा इथल्या एकशिक्षकी शाळेत. पहिली ते चौथी, वीसएक मुलं. हिरव्या-पांढऱ्या रंगाचे एक्सओ लॅपटॉप, आत फेडोरा लिनक्स, वर शुगर नावाचा मुलांसाठीचा पडदा.

या लॅपटॉपला सशासारखे दोन हिरवे कान होते. उघडले की ते अँटेना. आणि वायरलेस नुसतं वायफाय नव्हतं, मेश होतं. म्हणजे प्रत्येक लॅपटॉप शेजारच्याचे निरोप पुढे पोचवणार. शाळेत एक जोडणी असली की मुलांमुलांतून ती लांबवर जाणार, जिथे राउटर परवडत नाही तिथेही. आणि झाकण बंद असतानाही, मुख्य प्रोसेसर झोपलेला असतानाही वायरलेस चिप एकटी जागी राहून हे काम करणार, म्हणजे बॅटरी वाचेल. कल्पना खरंच सुंदर होती. आपल्या वाड्या-वस्त्यांसाठीच बेतल्यासारखी.

हे करू शकणारी चिप मार्व्हेल कंपनीची. ड्रायव्हर, लिबर्टास नावाचा, उघडा, आणि जुलै २००७ च्या कर्नल २.६.२२ मध्ये रीतसर गेलेला. पण मेशचं सगळं डोकं होतं फर्मवेअरमध्ये, आणि फर्मवेअर बंद. ओपनबीएसडीच्या थिओ डी राट यांनी ऑक्टोबर २००६ मध्येच यावरून जाहीर तोफ डागली होती, की मुलांना खुलं तंत्रज्ञान देतो म्हणता आणि चिपसाठी कंपनीशी गुप्ततेचे करार करता. प्रकल्पवाल्यांचं उत्तर असं, की मेश आणि झोपेत जागं राहणं हे दोन्ही जमणारी दुसरी चिप बाजारात नाही, आणि आम्हाला मुलांपर्यंत लॅपटॉप आत्ता पोचवायचाय.

डी राट तिरसट म्हणून प्रसिद्ध आहेत, पण इथे त्यांचंच बरोबर होतं असं मला वाटतं. एनडीआयएसरॅपरच्या वेळी मी नेमकी उलट बाजू घेतली हे मान्य! फरक असा, की तिथे एक माणूस स्वतःची अडचण स्वतः सोडवत होता. इथे शाळाच्या शाळा एका बंद गोळ्यावर उभ्या करायच्या होत्या. एका वर्गात खूप लॅपटॉप एकदम जमले की तो मेश स्वतःच्याच निरोपांनी तुंबायचा, हे जगभर अनुभवाला आलं. दुरुस्ती करायची तर फर्मवेअरमध्ये, आणि ती कंपनीच करू शकणार. पुढच्या एक्सओ-१.५ मॉडेलमध्ये तो मेश राहिलाच नाही, साधी अॅड-हॉक जोडणी आली. एक चांगली गोष्ट मात्र त्यातून मागे उरली. याच कामाशी संबंधित कोझीबिट कंपनीच्या लोकांनी मेशचा उघडा अवतार लिहिला, फर्मवेअरमध्ये नव्हे तर कर्नलमध्ये, आणि तो २००८ मध्ये २.६.२६ मध्ये सामील झाला.

तो कर्नलमध्ये जाऊ शकला कारण तोवर कर्नलला वायरलेसचं स्वतःचं डोकं आलं होतं. डिव्हाइसस्केप कंपनीने आपला सॉफ्टमॅकचा कोड देऊन टाकला, तो साफसूफ होऊन मॅक८०२११ नावाने त्याच २.६.२२ मध्ये गेला. आता प्रत्येक ड्रायव्हरने पुन्हा पहिल्यापासून सगळं लिहायची गरज उरली नाही. मग बर्फ भराभर वितळलं. अॅथेरॉसचा तो बंद 'हाल' ओपनबीएसडीच्या राइक फ्लोटर यांनी उलगडून आधीच नव्याने लिहिला होता, त्यावरून ९के च्या आधीचा एटीएच५के झाला. जुलै २००८ मध्ये अॅथेरॉसने स्वतःच एटीएच९के हा पूर्ण उघडा ड्रायव्हर दिला. आणि सप्टेंबर २०१० मध्ये चक्क ब्रॉडकॉमने आपल्या नव्या चिप्सचा ड्रायव्हर खुला केला. ज्या दिवशी ही बातमी आली त्या दिवशी लोकांनी आधी तारीख तपासली म्हणे, एक एप्रिल तर नाही ना!

आणि ते एफसीसीचं कारण? त्याचं उत्तर डिसेंबर २००८ च्या कर्नलपासून असं निघालं, की प्रत्येक देशाचे नियम एका उघड्या तक्त्यात लिहून ठेवायचे आणि कर्नलने ते पाळायचे. भारताचं खातं त्यात 'आयएन'. अमेरिकेत २.४ मध्ये ११ चॅनेल, आपल्याकडे १३. त्यामुळे घरचा राउटर १२ किंवा १३ वर असेल आणि लॅपटॉप स्वतःला अमेरिकेत समजत असेल, तर सगळ्यांचं वायफाय दिसतं, फक्त तुमचंच दिसत नाही. तेव्हा देश आयएन करा. (हा एवढा एक प्रॅक्टिकल सल्ला फुकट :-))

राहिलं ते फर्मवेअर. इटलीतल्या ब्रेशिया विद्यापीठातल्या मंडळींनी २००९ मध्ये ब्रॉडकॉमच्या काही चिपसाठी उघडं फर्मवेअरही लिहून दाखवलं, पण नव्या चिपचं फर्मवेअर इतकं अवाढव्य झालं की तसं पुन्हा करणं कुणाच्या आवाक्यात राहिलं नाही. बहुतेक कंपन्यांनी निदान फर्मवेअर वाटायची परवानगी दिली. मग उबुंटूसारख्यांनी ते सोबत द्यायला सुरुवात केली. डेबियनने मात्र फेब्रुवारी २०११ च्या आवृत्तीत ते कर्नलमधून काढून वेगळं ठेवलं, कारण तत्त्व म्हणजे तत्त्व. बारा वर्षं डेबियनची अधिकृत सीडी लावली की वायफाय बंद, आणि 'अनधिकृत' सीडी त्यांच्याच साइटवर एका कोपऱ्यात ठेवलेली. डेबियनच्या सभासदांनी यावर मतदान घेतलं, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये फर्मवेअर सोबत द्यायचं असा कौल आला. जून २०२३ च्या डेबियन १२ पासून इन्स्टॉलर स्वतःच गरजेचं फर्मवेअर घालतो. ज्यांना नको त्यांना नाकारायची सोय ठेवलीये.

ज्यांना अजूनही मान्य नाही असे लोक आहेत. त्यांच्यासाठी लिनक्स-लिब्रे नावाचं कर्नल आहे, ज्यातून बंद फर्मवेअरचं नाव-गावही काढून टाकलेलं असतं. ही मंडळी आजही जुन्या लॅपटॉपसाठी सेकंडहँड बाजारात एटीएच९के वाली कार्डं शोधत असतात. कारण त्या पीसीआय कार्डांना बाहेरून ओतायचं फर्मवेअर लागतच नाही. वेग आजच्या मानाने कमी, पण कार्ड बसवायचं, लॅपटॉप चालू करायचा, आणि शेजारच्यांच्या वायफायची यादी समोर.